उणे ३५० मिलिव्होल्टचा तक्ता आणि खाडीवरचा पूल: गंजतपासणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या काँक्रीट पुलांच्या तपासणीत पहिल्या वर्षी मी जी चूक केली, ती आकडेमोडीतील नव्हती. उपकरण सुस्थितीत होते, वाचने अचूक होती, आणि तरीही माझ्या अहवालाचा निष्कर्ष वस्तुस्थितीच्या जवळजवळ उलट निघाला. ती चूक आठवली की आजही अस्वस्थ वाटते, म्हणून ती तपशिलाने मांडते आहे. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), कार्बोनेशन (हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कधर्मिता घटणे) आणि क्लोराईड (सळई गंजवणारा मिठातील घटक) यांविषयी तुम्ही शिकलेले आहात असे गृहीत धरते.

पूल कोकणातील एका खाडीवरचा, सुमारे ३५ वर्षांचा होता. भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या पिअरच्या (पुलाच्या खांबाच्या) तळाशी हाफ-सेल चाचणीत (काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून आतल्या सळईचे विद्युत विभव मोजण्याच्या चाचणीत) उणे ६०० मिलिव्होल्टच्या आसपास वाचने आली, तर एक्स्पान्शन जॉइंटखालच्या (पुलाच्या दोन भागांमधील फटीखालच्या) गर्डरच्या, म्हणजे तुळईच्या, टोकांवर उणे २२० ते उणे २८०. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी मानकातील सीमा या कामातील प्रत्येकाला पाठ असतात: कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने वाचन उणे २०० पेक्षा कमी ऋण आले तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण आले तर गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, आणि मधला पट्टा अनिश्चित. मी त्या सीमा लावल्या, नकाशावर पिअरचे तळ लाल आणि गर्डरची टोके पिवळी रंगवली, आणि दुरुस्तीचा प्राधान्यक्रम त्या रंगांवरूनच लिहिला. पुढे दोन्ही ठिकाणी काँक्रीट फोडले, तेव्हा पिअरच्या तळाची सळई जवळपास स्वच्छ निघाली, आणि गर्डरच्या टोकाशी मुख्य सळईला खोल खड्डे पडून तिची जाडी डोळ्यांना दिसेल इतकी घटलेली होती.

असे का झाले, हे सावकाश समजून घ्या, कारण बहुतेक नवे अभियंते इथेच फसतात. हाफ-सेलचे वाचन म्हणजे गंजाचा वेग नव्हे. सळईवर दोन क्रिया एकाच वेळी चालतात: एका जागी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडते आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. या दोन क्रियांचा मेळ ज्या विभवावर बसतो, तो आपण मोजतो. काँक्रीटची छिद्रे पाण्याने भरलेली असली की ऑक्सिजन सळईपर्यंत फारसा पोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मग ऑक्सिजनची क्रिया मंदावते, विभव खाली घसरतो, आणि लोखंड विरघळण्याचा वेगही तिच्याबरोबर घटतो. वाचन भयंकर दिसते, पण गंज नगण्य असतो. गर्डरच्या टोकाशी नेमके उलट घडते. तिथला कोरडा, कार्बोनेशन झालेला वरचा थर विद्युतप्रवाहाला जास्त रोध करतो, त्यामुळे पृष्ठभागावर मिळणारे वाचन कमी ऋण भासते, आणि लहानशा खड्ड्याचे विभव आजूबाजूच्या शाबूत सळईच्या विभवात मिसळून जाते. माझे ग्रिड, म्हणजे मापनबिंदूंमधील अंतर, १ मीटरचे होते आणि तो खड्डा दोन बिंदूंच्या मध्ये राहिला.

त्या सीमांमागे मुख्यतः हिवाळ्यात मीठ टाकल्या जाणाऱ्या अमेरिकी पुलांच्या डेकवरील (रस्त्याच्या स्लॅबवरील) अनुभव आहे. तिथे काँक्रीटला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खाडीत बुडालेल्या पिअरसाठी त्या ठरवलेल्याच नव्हत्या.

म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे आणि किती झपाट्याने बदलतो, ते पाहा. माझा आताचा नियम असा की अर्ध्या मीटरच्या अंतरात शंभर-दीडशे मिलिव्होल्टचा उतार दिसला, तर तिथे सळई उघडल्याशिवाय मत द्यायचे नाही. भरतीरेषेच्या वर जिथे लाटांचे शिंतोडे उडतात आणि ऊन-वाराही लागतो, तो पट्टा सर्वांत धोक्याचा, कारण तिथे क्लोराईड आणि ऑक्सिजन दोन्ही भरपूर असतात. मात्र बुडालेला भाग नेहमीच सुरक्षित, असा उलटा निष्कर्षही काढू नका. ऑक्सिजन कमी असताना काळा गंज तयार होऊ शकतो, जो फारसा फुगत नाही, तडे पाडत नाही आणि म्हणून बाहेरून दिसतही नाही.

बाकीच्या चाचण्या याच प्रश्नाला धरून करा. सळईच्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराईड तपासा, ते सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल तर सावध व्हा, आणि कार्बोनेशन ओळखण्यासाठीचे फिनॉल्फ्थेलिन हे रंगसूचक नेहमी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवरच फवारा. हाफ-सेलआधी दूरदूरच्या सळया विद्युतदृष्ट्या जोडलेल्या आहेत याची खात्री करा आणि पृष्ठभाग ओला करून वाचन स्थिरावू द्या. ही तयारी कंटाळवाणी आहे, पण ती टाळून घेतलेली वाचने कामाची नसतात.

आपोआप रंगीत नकाशा काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत कठोर आहे: पहिली दोन वर्षे ते वापरू नये, हाताने समविभव रेषा (सारख्या वाचनाचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) काढाव्यात, म्हणजे प्रत्येक आकड्यापाशी थांबावे लागते. मार्गदर्शक निवडण्याची संधी मिळाली, तर अहवाल झटपट लिहून देणाऱ्यापेक्षा स्वतः मचाणावर चढून हातोडीच्या आवाजावरून पोकळ काँक्रीट ओळखणारा निवडा. माझ्या चुकीच्या अहवालावर सही करणाऱ्या वरिष्ठांनी तो पूल पाहिलेला नव्हता. तरी घाबरून जाऊ नका. वाचने परस्परविरोधी दिसतात तेव्हा बहुधा तुमचे काही चुकलेले नसते. पुलाच्या वेगवेगळ्या भागांत परिस्थितीच वेगळी असते, आणि चार-पाच ठिकाणी काँक्रीट उघडून पाहिल्यावर ती उलगडू लागते.

प्रीस्ट्रेस्ड पूल (ज्याच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या केबल असतात) वाट्याला आला, तर मात्र वरील सर्व कौशल्य अपुरे आहे हे आधी मान्य करा. धातूच्या डक्टमधील (नळीतील) केबलचा गंज हाफ-सेलला दिसत नाही, आणि नळीत भरायचे सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, नीट भरलेले नसेल तर बाहेर एकही तडा न पडता केबल तुटू शकतात. वेल्समधील इनिस-इ-ग्वास पूल १९८५ साली असाच पूर्वसूचनेविना कोसळला. पणजीचा मांडवीवरील प्रीस्ट्रेस्ड पूल जुलै १९८६ मध्ये पडला, तेव्हा तो बांधून दोन दशकेही झाली नव्हती. अशा पुलावर डक्ट उघडून केबल डोळ्यांनी पाहण्याची परवानगी लेखी मागा, आणि ती नाकारली गेली तर अहवालाच्या पहिल्याच पानावर केबलची स्थिती तपासलेली नाही असे स्पष्ट लिहा.