ऐकू येतं, पण कळत नाही: घरातल्या मोठ्यांच्या कानांसाठी काय करावं

वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा बराच भाग त्याच पट्टीत येतो. स्वर खालच्या पट्टीतले, ते पुष्कळ दिवस शाबूत राहतात. त्यामुळे ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’, ‘ताठ’ यांची गल्लत व्हायला लागते. कोणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते निसटतं. आणि घरचे म्हणतात, ‘यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!’

१. आधी खुणा बघा

टीव्हीचा आवाज वाढणं ही सगळ्यांना कळणारी खूण. त्याआधीच्या खुणा वेगळ्या असतात: लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसून राहणं, फोन दुसऱ्याच्या हातात देणं, बायकांचं आणि नातवंडांचं बोलणं न कळणं पण पुरुषांचं कळणं, चुकीच्या ठिकाणी ‘हो हो’ म्हणणं. पाठीमागून, टीव्ही बंद असताना, नेहमीच्या आवाजात काही विचारून बघा. समोरून विचारलंत तर ते ओठ वाचतात आणि तुमची फसगत होते.

२. दुकानात नव्हे, आधी कानाच्या डॉक्टरांकडे

नुसता मळ अडकूनही ऐकू कमी येतं. तो डॉक्टरांनी काढला की काम झालं. घरी लसूण घालून कोमट केलेलं तेल, हेअरपिन, काडी, यातलं काहीही कानात जाऊ देऊ नका. पडद्याला भोक असेल तर तेलाने कान आणखी चिघळतो. चालू असलेल्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी बरोबर न्या. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन यांनी आतला कान बिघडू शकतो.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. एका कानाचं ऐकणं एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडतात. ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून आठवडा घालवणारे लोक इथेच फसतात.

३. ऑडिओग्रामचा कागद वाचायला शिका

बंद खोलीत हेडफोन लावून ‘बीप ऐकू आला की बटण दाबा’ अशी जी तपासणी होते, ती ऑडिओमेट्री. तिच्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्राममध्ये, लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडून उजवीकडे आवाज बारीक होत जातो, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. वरून खाली डेसिबल वाढतात, म्हणजे खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. वयामुळे होणाऱ्या बहिरेपणात रेघ उजवीकडे घसरत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० ते ३५ डेसिबल सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ६५ च्या पुढे तीव्र.

कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही मोजतात. हाडावाटे चांगलं ऐकू येत असेल आणि हवेवाटे नाही, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. ती पुष्कळदा औषधाने किंवा ऑपरेशनने सुटते. हाडावाटे आणि हवेवाटे सारखंच कमी असेल तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत असतो. तिथे मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, लागतं. शब्द ओळखण्याची तपासणीही मागा आणि ती मराठी शब्दांवर व्हावी असं सांगा. परक्या भाषेतले शब्द चुकले म्हणजे कान गेला असं होत नाही.

४. मशीन घेताना

दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हीकडे मशीन घ्या. गोंगाटात आणि आवाजाची दिशा कळायला फरक पडतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करतं. चांगलं मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, लावून देतो. ट्रायल मिळते का, पुन्हा सेटिंग करायला किती वेळा येता येईल, हे पैसे देण्याआधी विचारा. कानात न दिसणारं छोटं मशीन सगळ्यांना आवडतं, पण थरथरत्या बोटांना त्याची बॅटरी बदलता येत नाही. अशा वेळी कानामागचं, चार्जिंगचं बरं.

५. पहिले काही आठवडे

मशीन कपाटात पडतं ते याच काळात. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचाच आवाज, सगळं अंगावर येतं. वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूला वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला घरातच, एका माणसाशी बोलताना, थोडे तास. मग स्वयंपाकघर, मग बाजार. शिट्टी वाजत असेल तर कानातला भाग नीट बसला नाही किंवा कानात मळ आहे. त्रास होतोय म्हणून घरीच आवाज कमी करत बसू नका, सेटिंग बदलून घ्या.

बॅटरीचं मशीन असेल तर रंगीत चिकटपट्टी काढून मिनिटभर थांबा, मग बॅटरी बसवा. तिला हवा लागावी लागते. पट्टी पुन्हा चिकटवून ती वाचत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर तडक दवाखाना. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

६. घरच्यांनी ओरडू नये

ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं तशीच राहतात, वर समोरच्याला राग आल्यासारखं वाटतं. आधी नाव घ्या, समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. ‘जाऊ दे, काही नाही’ हे उत्तर देऊ नका, फार लागतं ते.

७. मशीनने भागत नसेल, किंवा पैशांची अडचण असेल

दोन्ही कानांत फार तीव्र बहिरेपणा असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा. ते मोठ्यांनाही बसवतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत आणि साठीच्या पुढच्या गरजूंसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्रं मिळतात. मुंबईत वांद्रे रिक्लेमेशनला १९८३ पासून अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणीही होते. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करा. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि ताजा ऑडिओग्राम एकाच पिशवीत ठेवा.