नायगाराचा पूल पायी ओलांडून कॅनडात जाताय? या चुका टाळा राजेहो

मे-जून आला की आमच्या धरमपेठेतले निम्मे आई-बाबा पोरांकडे अमेरिकेत जाऊन राहिले असतात, आणि नायगारा प्रत्येकाच्या यादीत. जा ना, कोण नाही म्हणते. पण तिथला रेनबो ब्रिज ओलांडणं म्हणजे भेडाघाटला धुआंधार बघून पलीकडच्या काठावर फिरून येणं नाही, मधे बॉर्डर आहे बाप्पा. लोकांचे व्हिसाचे फॉर्म मी भरून देतो, म्हणून त्याच त्या भानगडी ऐकून कान किटले.

पहिली भानगड : "अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे ना, कॅनडाला चालतो." नाही चालत. मेक्सिकोला चालतो, त्यावरून व्हॉट्सॲपवर कोणीतरी सगळं एकत्र कालवून पाठवते. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, तो आधी काढायचा, पुलावर मिळत नाही. पोराकडे ग्रीन कार्ड असलं तर त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून तो बिनधास्त पुढे आणि आई-बाबा त्याच्या मागे. त्यात अमेरिकेतून निघताना कोणी पासपोर्ट तपासत नाही, त्यामुळे वाटते सगळं बरोबर चाललं आहे.

आमच्या ओळखीतले एक काका-काकू असेच गेले. रात्री साडेनऊला मी जेवायला बसलो तर काकांचा फोन, तिकडे भर दुपार. पुलाच्या मधोमध बॉर्डरच्या पाटीपाशी फोटो काढले, धबधबा समोर, काकू खूश, आणि पुढे कॅनडाच्या काउंटरवर अडकले. हातात कागद देऊन परत पाठवलं. परत यायला पायी माणसाला टोल असतो, एक डॉलर, आणि तो कॅनडातून निघतानाच घेतात. काकांकडे सगळ्या वीसच्या नोटा, मशीनला पाहिजे नाणी, मागे लाईन. शेवटी मागच्या बाईनं नाणं दिलं. मग अमेरिकेच्या बाजूला पुन्हा चौकशी, कुठून आले, काऊन परत आले. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येता येणारा होता म्हणून निभावलं. पण पुढे कॅनडाचा व्हिसा मागायचा झाला तर कधी प्रवेश नाकारला होता का हा प्रश्न असतोच, आणि तिथे खरं लिहावं लागते. मी आता फॉर्म भरायला येणाऱ्याला आधीच विचारतो, नायगारा करणार का, करणार तर कोणत्या बाजूनं. उत्तर घेतल्याशिवाय पेन उघडत नाही.

दुसरी, आणि हिचा मला जास्त राग येते : अमेरिकेत राहायला मिळालेले सहा महिने संपत आले की कॅनडात पायी जाऊन यायचं म्हणजे नवे सहा महिने मिळतात. कोणी शोधलं हे? कधीपर्यंत राहता येते ती तारीख आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीवर असते, आणि कॅनडात तीस दिवसांच्या आत चक्कर मारून आलं तर बहुतेक वेळा त्याच जुन्या तारखेवर आत घेतात. शिवाय ऑफिसरला संशय आला तर ताप वेगळाच. राहायचं असेल तर मुदत संपायच्या आधी रीतसर वाढवून मागा, शॉर्टकटच्या नादी लागू नका.

पासपोर्ट हॉटेलात ठेवून मोबाईलमधला फोटो दाखवायचा, हे तर बोलूच नका.

परत येताना पिशवीत संत्री-लिंबं नको, अमेरिकेच्या बाजूला काढून घेतात. गांजा कॅनडात 2018 पासून कायदेशीर आहे, पण बॉर्डरवर गुन्हा. पोरांना सांगून ठेवा.

कॅनडाचा व्हिसा नसेल तर रडू नका. अमेरिकेच्या बाजूच्या गोट आयलंड बेटावरून हॉर्सशू फॉल्सच्या, म्हणजे नायगाराच्या सगळ्यात मोठ्या धबधब्याच्या अगदी काठावर जाता येते आणि मेड ऑफ द मिस्टची बोट अमेरिकेकडूनच त्याच्या पायथ्याशी नेते. निळा रेनकोट म्हणजे अमेरिकेची बोट, लाल म्हणजे कॅनडाची, भिजायला दोन्हीकडे सारखंच. हां, सगळे धबधबे एका नजरेत समोरून कॅनडातूनच दिसतात, हे खरं आहे. मात्र पूल उतरल्यावर हॉर्सशूपर्यंत दोन-अडीच किलोमीटर चालायचं आहे, गुडघेवाल्यांनी आधीच विचार करा.

आणि फक्त रात्रीची रोषणाई बघायची म्हणून उशिरा जाणाऱ्यांनो, 1950 च्या करारानुसार रात्री आणि हिवाळ्यात धबधब्यावरून दिवसाच्या निम्मंच पाणी सोडलं तरी चालते, बाकीचं वीज करायला वळवतात. उन्हाळ्यात हे रात्री दहानंतर. तर आधी दिवसा बघून घ्या, मग दिव्यांसाठी थांबा.