चेहऱ्यावर पॉप आर्ट: आरसा बाजूला ठेवा, कॅमेऱ्यात बघून रंगवा

पॉप आर्ट मेकअपचे, म्हणजे ठिपके आणि काळ्या रेषांनी चेहरा कॉमिकमधल्या चित्रासारखा रंगवायचे, बहुतेक प्रयोग आरशात छान दिसतात आणि फोटोत फसतात. आरशात आपण वीतभर अंतरावरून बघतो, मान हलवत बघतो, दोन डोळ्यांनी बघतो. कॅमेरा पाच-सहा फुटांवर एका जागी उभा असतो आणि त्याला डोळा एकच. कॉमिकच्या पानावरचं सपाट चित्र त्या एका डोळ्याला दिसायला हवं. आरशात ते थोडं वेडंवाकडं दिसलं तरी चालतं, किंबहुना नीट केलं असेल तर तसंच दिसतं.

चेहरा धुतलेला आहे, केस मागे बांधलेले आहेत आणि रंग चेहऱ्यासाठीच बनवलेले आहेत, हे मी गृहीत धरते. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक त्वचेला लावू नका, ‘तासाभराचाच तर प्रश्न आहे’ असं कुणी कितीही म्हटलं तरी. नवा फेस पेंट असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. काही रंगांच्या, विशेषतः लाल आणि निऑन रंगांच्या डबीवर ‘डोळ्यांभोवती वापरू नये’ असं छापलेलं असतं. ते वाचा आणि पाळा.

आधी फोटो, मग रंग

रंगाची डबी उघडण्याआधी कॅमेरा स्टँडवर लावा, खुर्ची मांडा आणि दोन्हींच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. मेकअप न केलेल्या चेहऱ्याचा एक फोटो घ्या. फोनच्या फोटो एडिटरमध्ये त्याच फोटोवर बोटाने गिरवून ठरवा: सावली कुठल्या बाजूला, ठिपके कुठून कुठपर्यंत, काळ्या रेषा कुठे. हा फोटो पुसू नका, शेवटी चित्र काढताना तो लागणार आहे.

हावभावही इथेच ठरवायचा. हसरा चेहरा हवा असेल तर हसूनच रंगवावं लागतं, आणि तासभर हसत बसणं कुणालाच जमत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: चेहरा शांत ठेवा आणि भाव भुवयांच्या काळ्या रेषेतून, ओठांतून किंवा गालावरच्या रंगवलेल्या अश्रूतून आणा. स्वतःचाच चेहरा रंगवत असाल तर एक लक्षात ठेवा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरा आरशासारखा उलटा दिसतो, आणि मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो सुलटा असतो. आराखड्यावर डावी-उजवी बाजू अक्षरात लिहून ठेवा.

बेस

स्वतःच्या त्वचेच्या रंगाचं फाउंडेशन, एकसारखा पातळ थर, वर भरपूर लूज पावडर. पावडर चुकवू नका, कारण पाण्याने भिजवून वापरायचे फेस पेंट तेलकट थरावर धरत नाहीत.

‘दोन शेड उजळ फाउंडेशन लावा, म्हणजे ठिपके उठून दिसतात’ हा सल्ला जिथे तिथे दिलेला असतो. तो मला अजिबात मान्य नाही. ठिपका उठून दिसतो तो बेसशी असलेल्या फरकामुळे, बेस गोरा असल्यामुळे नाही. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर गडद लाल, तपकिरी लाल, जांभळट ठिपके उत्तम दिसतात. गडद त्वचेवर पांढरे, पिवळे किंवा झगझगीत नारिंगी ठिपके जे दिसतात, ते फिकट बेसवर कधीच दिसणार नाहीत. उजळ बेस आणि मूळ रंगाची मान यांच्यातली सीमारेषा मात्र फोटोत हमखास दिसते.

ठिपके

आता खरा टप्पा. मला सगळ्यात जास्त यानेच छळलं, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात तेही याच बाबतीत.

हे ठिपके मुळात छपाईचे. बेंजामिन हेन्री डे (धाकटे) या अमेरिकी मुद्रकाने 1879 मध्ये काढलेल्या पद्धतीवरून त्यांना ‘बेन डे’ ठिपके म्हणतात. एकाच शाईचे बारीक ठिपके मोकळी जागा सोडून छापले की लांबून तो रंग फिकट भासतो. लाल शाईतूनच गुलाबी मिळते, वेगळी शाई लागत नाही. स्वस्त कॉमिकमधली त्वचा अशीच छापली जायची, आणि पॉप आर्टचा अमेरिकी चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनने 1960 च्या दशकात तेच ठिपके मोठे करून कॅनव्हासवर आणले. यातून आपल्याला हवी ती गोष्ट एवढीच: एका भागातले सगळे ठिपके एकाच मापाचे आणि सारख्या अंतरावर असतात. वर्तमानपत्रातल्या फोटोत ठिपके लहानमोठे होतात, ती हाफटोन पद्धत वेगळी. चेहऱ्यावर ठिपके हळूहळू लहान करत न्यायचा मोह होतो. तो टाळा, कॉमिकचा भास तिथेच संपतो.

माप किती? फोटोत चेहऱ्याची उंची 1000 पिक्सेल येते आणि चेहरा 20 सेंटिमीटर उंच आहे असं धरा. म्हणजे एका मिलिमीटरला 5 पिक्सेल. आयलायनर पेनाच्या टोकाने काढलेला 2 मिलिमीटरचा ठिपका फोटोत 10 पिक्सेलचा होतो आणि गोवर उठल्यासारखा दिसतो. 5 मिलिमीटरचा ठिपका 25 पिक्सेलचा होतो, आणि तो मुद्दाम काढलेला ठिपका आहे हे लगेच कळतं. आरशात 5 मिलिमीटर फार मोठं वाटतं. वाटू द्या. दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर 9 ते 10 मिलिमीटर ठेवा आणि रांगा एकाआड एक सरकवा, म्हणजे वरच्या दोन ठिपक्यांच्या फटीखाली खालचा ठिपका येईल.

स्टेन्सिल, जाळीदार मोजे, बबल रॅप या सगळ्या युक्त्या मी बाद करते. रंग कडांखालून पसरतो आणि नाकाजवळ जाळी बसतच नाही, ही त्यातली किरकोळ कारणं. मुख्य कारण वेगळं आहे. जाळी त्वचेवर सारखं अंतर देते, आणि आपल्याला सारखं अंतर फोटोत हवं असतं. गाल जिथे कानाकडे वळतो तिथली त्वचा कॅमेऱ्याच्या समोर नसते, बाजूला वळलेली असते. ती 60 अंशांनी वळलेली असेल तर कॅमेऱ्याला तिची रुंदी निम्मीच दिसते. तिथला गोल ठिपका फोटोत उभा, चपटा दिसतो आणि रांगा एकमेकींत घुसतात. नेमक्या त्या घुसलेल्या रांगांमुळे डोळ्याला गालाचा गोलवा कळतो आणि सपाट चित्राचा भास मोडतो.

उपाय असा. पांढऱ्या आय पेन्सिलने ठिपक्यांच्या भागात पाच-सहा उभ्या रेषा अगदी हलक्या हाताने ओढा. खुर्चीवर ठरल्या जागी बसून फोटो घ्या. रेषांमधली अंतरं फोटोत सारखी दिसतात का ते बघा. पहिल्यांदा दिसणार नाहीत, कानाजवळच्या दोन रेषा चिकटलेल्या असतील. त्या पुसून आणखी लांब सरकवा आणि पुन्हा फोटो घ्या. फोटोत सारखी अंतरं आली की त्वचेवर कानाजवळचं अंतर नाकाजवळच्या अंतराच्या जवळपास दुप्पट झालेलं दिसेल. तेच बरोबर आहे. आता ठिपकेही त्याच हिशेबाने भरा: नाकाजवळ गोल, गालाच्या वळणावर किंचित आडवे, कानाजवळ तर चांगलेच आडवे, रुंदी जवळपास दुप्पट. आरशात हे विचित्र दिसतं. फोटोत सगळे गोल दिसतात.

ठिपका उठवायला पेन्सिलीच्या मागचा नवा, सपाट रबर हे मला सापडलेलं सर्वांत चांगलं साधन. तो साधारण 5-6 मिलिमीटरचाच असतो. रंग इतका घट्ट हवा की ब्रश उलटा धरला तरी थेंब पडू नये. रबर रंगात टेकवा, जास्तीचा रंग हाताच्या पाठीवर टिपा, त्वचेवर सरळ दाबा आणि सरळच उचला. फिरवलात तर कड फाटते. रंग पातळ झाला की ठिपक्याच्या जागी पोकळ कडं उमटतं. तसं झालं तर लगेच दुसऱ्यांदा दाबू नका. वाळू द्या आणि मधली जागा बारीक ब्रशने भरा. आडव्या ठिपक्यांसाठी रबराने एक गोल उठवून त्याच्या दोन्ही बाजू ब्रशने वाढवायच्या. प्रत्येक ठिपक्याला नव्याने रंग घ्या. ‘एका बुडवणीत तीन’ असं केलं की तिसरा नेहमी फिका येतो, आणि फोटोत तो फिकेपणा लपत नाही.

सुरुवात सावलीच्या कडेपासून करा, कारण नजर तिथेच जाते. ठिपके फक्त सावलीच्या भागात द्या: एका बाजूचा गाल, कपाळाची तीच बाजू, जबड्याखालची मान. पूर्ण चेहरा भरायचा हट्ट पहिल्या काही वेळा तरी नको. डोळे, नाकपुड्या आणि ओठ यांच्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर चेहऱ्यावर काय चाललंय तेच कळत नाही. चुकलेला ठिपका ओल्या बोटाने पुसू नका, डाग पसरतो. कॉटन बडला जरासा मेकअप रिमूव्हर लावून तेवढाच उचला, वर फाउंडेशन आणि पावडर टेकवा आणि मग नवा ठिपका द्या.

काळ्या रेषा

जेल आयलायनर आणि तिरक्या टोकाचा बारीक ब्रश. पेन आयलायनर पावडरीवरून चालवला की लवकर सुकतो. रेषा एका दमात ओढा आणि तिची जाडी बदलू द्या, टोकाला बारीक, मध्ये जाड. सगळीकडे एकाच जाडीची रेषा आली की चेहरा रंगकामाच्या वहीतला वाटतो. नाकाला फक्त एकाच बाजूने, सावलीच्या बाजूने रेषा द्या. जबड्याची रेषा हाडावर हात फिरवून ठरवू नका, फोटोत जबड्याची कड जिथे दिसते तिथेच ओढा. कॅमेरा जरा वर-खाली असला तरी ती जागा बदलते. खालच्या ओठावर पांढऱ्या रंगाचा एक तिरका, धारदार कडांचा तुकडा द्या आणि तो मिसळू नका. या शैलीत मिसळणं, म्हणजे ब्लेंडिंग, कुठेच नाही.

फोटो

सावली तुम्ही आधीच रंगवलेली आहे, दिव्याने दुसरी पाडू नका. एका बाजूने नाट्यमय प्रकाश टाकायचा सल्ला इथे घातक आहे. दोन सारखे दिवे, चेहऱ्यापासून सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांत ठेवा आणि दोन्हींपुढे पांढरं पातळ कापड धरा. दिवे नसतील तर थेट ऊन न येणाऱ्या मोठ्या खिडकीकडे तोंड करून बसा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नकोच. त्याने चमक येते, आणि फाउंडेशनमध्ये सनस्क्रीनचं टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर चेहरा पांढुरका पडू शकतो.

कॅमेरा असेल तर 50 ते 85 मिलिमीटर लेन्स आणि एफ/8 च्या आसपास ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट येईल. फोन असेल तर मागचा कॅमेरा, दुप्पट झूमची लेन्स आणि किमान दीड मीटर अंतर. जवळून काढलात तर नाक मोठं होतं आणि ठिपक्यांचा सगळा हिशेब बिघडतो. ब्यूटी मोड बंद करा, तो मेहनतीचे ठिपके त्वचेवरचे डाग समजून गुळगुळीत करतो. पोर्ट्रेट मोडही बंद, कारण तो केस आणि कानांच्या कडा धूसर करतो, आणि या चित्रात कड हेच सगळं आहे. मागे एकाच रंगाचा कागद किंवा कापड, आणि त्याच्यापासून मीटरभर पुढे बसा.

फोटो झाले की आधी तेलाने किंवा क्लिन्झिंग बामने रंग सैल करा, मग फेसवॉश. कोरडं घासू नका.

चित्र

फोटोवर एका क्लिकचा ‘हाफटोन’ फिल्टर मारून काम संपवू नका. तुमच्या फोटोत ठिपके आधीच आहेत. फिल्टरचे ठिपके त्यांच्यावर पडले की दोन जाळ्या एकमेकींवर आदळतात आणि नको ते पट्टे उमटतात.

फोटोशॉप, प्रोक्रिएट, क्रिता, गिंप, चित्रकामाचं कुठलंही ॲप वापरा, फक्त त्यात लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्राचे थर हवेत. सुरुवातीचा मेकअपविना फोटो आणि मेकअपचा फोटो एकमेकांवर ठेवा. कॅमेरा आणि खुर्ची हलली नसेल तर ते थोड्याशा सरकवण्याने जुळतात. मेकअपच्या फोटोची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, 40 टक्क्यांवर आणा आणि त्याच्या वरच्या लेअरवर काळ्या रेषा हाताने गिरवा: चेहऱ्याची बाहेरची रेषा जाड, आतल्या बारीक. मग मेकअपचा फोटो झाका. रेषांच्या खाली नवा लेअर घ्या आणि मेकअपविना फोटो बघत सपाट रंग भरा, सगळे मिळून चार-पाचच. त्वचेला एकच रंग. केस काळे असतील तर त्यात निळा झोत द्या, जुन्या कॉमिकमध्ये काळ्या केसांची चमक निळ्यानेच दाखवत. सावलीचे ठिपके आणखी वेगळ्या लेअरवर, 45 अंशांच्या जाळीत, सावलीच्या आकारापुरते कापून. इथे पृष्ठभाग खरोखरच सपाट आहे, म्हणून तयार जाळी वापरायला हरकत नाही.

छापील कॉमिकचा भास हवा असेल तर रंगांचा लेअर रेषांच्या खालून किंचित सरकवा, 3000 पिक्सेलच्या चित्रात 6 ते 8 पिक्सेल. जुन्या छपाईत रंगांच्या प्लेट तंतोतंत जुळत नसत, त्यामुळे रेषेच्या एका बाजूला पांढरी फट आणि दुसऱ्या बाजूला सांडलेला रंग दिसायचा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो अर्धा-अर्धा प्रकार: चेहऱ्याची एक बाजू मेकअपच्या फोटोची, दुसरी चित्राची. जोड नाकाच्या काळ्या रेषेवर घ्या, त्वचेच्या मोकळ्या भागात तो लपत नाही. ठिपक्यांचं माप दोन्हीकडे पिक्सेलमध्ये मोजून सारखं करा. फाइल पीएनजीमध्ये साठवा. जेपेगमध्ये सपाट रंगांच्या कडांना करडी कुसळं येतात. छापायचं असेल तर ठरलेल्या आकारात 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, ठेवा.