पहिले पिस्तूल घेताना आधी मूठ पाहा

वरळीच्या रेंजवर नेमबाजी शिकायला जाणाऱ्याने पहिले एअर पिस्तूल घेताना किमतीआधी मूठ पाहावी, कारण १० मीटर प्रकारात पिस्तूल एकाच हाताने, कोणत्याही आधाराशिवाय धरायचे असते आणि लाकडी मूठ तळव्यात नीट बसली नाही, तर मनगट दर वेळी थोडे वेगळे वळून नेम ढळतो. मूठ डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी आणि निरनिराळ्या मापांत मिळते. म्हणून आधी काही आठवडे प्रशिक्षणाचे पिस्तूल वापरावे आणि मगच खरेदी करावी. वजन नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत चालते, पण नवशिक्याला हलकेच बरे.

नेम धरताना नजर लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर ठेवावी. माशीची कड रेखीव आणि समोरचे काळे वर्तुळ किंचित धूसर दिसले पाहिजे; सुरुवातीला हे मनाला पटत नाही, तरी दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे असल्याने माशी केसभर हलली तरी गुण जातो. चापावर बोटाचे पहिले पेर ठेवून दाब हळूहळू वाढवावा, हिसका देऊ नये. हात थरथरू लागला, तर बार न उडवता पिस्तूल खाली घ्यावे. घरी छर्रा भरलेला नाही याची खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर रोज पंधरा मिनिटे केवळ चाप दाबण्याचा सराव करावा.