बडीशेप लावताय? खान्देशात या चुका टाळा

बडीशेप उगवलीच नाही, उगवली तर मान टाकली, आणि एवढं करून वाढली तर दाणा पोचट निघाला. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या परसबागांत या तिन्ही तक्रारी ऐकू येतात आणि बहुतेक वेळा पेरणीचा महिनाच चुकलेला असतो.

पहिला पाऊस पडला की हाताला येईल ते बी मातीत टाकायची आपली सवय. बडीशेपेला ती मानवत नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि कोवळी रोपं बुडाशी कुजतात. शेजारच्या गुजरातेत पावसाळ्यात रोपवाटिका करून नंतर लागवड करतात, पण तिथे निचऱ्याची नीट सोय असते. घरच्या वाफ्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे साधारण ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य, हाच काळ धरा. ऑक्टोबरचं ऊन जरा उतरलं की पेरा. दाणा तयार व्हायला साधारण पाच महिने लागतात. संक्रांतीनंतर पेरलं तर दाणे भरायच्या वेळी भुसावळचा पारा 42 च्या वर गेलेला असतो, मग पोचट दाण्यांशिवाय काय मिळणार? फक्त भाजीला, ताकाला पाला हवा असेल तर डिसेंबरपर्यंत पेरलं तरी चालतं.

डब्यातली बडीशेप पेरू नका. ती भाजलेली किंवा फार जुनी असू शकते. बियाण्याच्या दुकानातून ताजं बी आणा, रात्रभर भिजवा आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल टाका. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर माती ओलसर ठेवायची, चिखल नाही.

आता सर्वांत जास्त रोपं जिथे जातात ते सांगतो. बडीशेपेची पहिली दोन पानं लांबट, अरुंद, थेट गवतासारखी असतात. रेशमी धाग्यांसारखा पाला त्यानंतर येतो. निंदणी करणारा हात ती पहिली पानं तण समजून उपटून टाकतो. म्हणून ओळीतच पेरा आणि धाग्यासारखी पानं दिसेपर्यंत त्या ओळीला हात लावू नका.

सोटमूळ खोल जातं, त्यामुळे वाढलेलं रोप हलवलं की ते रुसतं. कायमच्या जागी पेरून विरळणी करा, दोन रोपांत एक ते दीड फूट राहू द्या. कुंडी असेल तर किमान फूटभर खोल. झाड माणसाच्या उंचीचं होतं, तेव्हा गच्चीवर काठीचा आधार हवाच.

युरिया सढळ हाताने टाकला की पाला माजतो, मावा येतो आणि दाणा कमी धरतो. शेणखत पुरे. मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, तरी राहिला तर संध्याकाळी निंबोळी अर्क मारा. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, त्या वेळी सकाळी काहीच फवारू नका. दाणा चांगला धरतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

सगळ्या छत्र्या, म्हणजे दाण्यांचे छत्रीसारखे घोस, एकदम पिकत नाहीत. जिचे दाणे हिरवट-पिवळे झाले तीच कापा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकली तर हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात. पुढच्या दसऱ्यासाठी बी ठेवायचं असेल, तर एक चांगली छत्री झाडावरच तपकिरी होऊ द्या.