24 तासांची लघवी गोळा करताना

लघवीतून दिवसभरात किती प्रथिने, कॅल्शियम किंवा कॉर्टिसॉल (शरीरातले एक संप्रेरक) जाते हे बघायचे असले की लॅबमधून मोठा कॅन देतात. काम सोपे आहे, पण गल्लत होते ती बहुधा पहिल्याच लघवीला.

समजा, सकाळी 7 ला सुरुवात करायची आहे. 7 ला उठून केलेली लघवी संडासात सोडून द्या. ती रात्रभर साठलेली, म्हणजे आदल्या दिवसाच्या हिशेबातली. वेळ लगेच कॅनवरच्या चिठ्ठीवर लिहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, रात्री उठून केलेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी 7 ला लागली नसली तरी जाऊन या; ही लघवी मात्र घ्यायची. ती वेळही लिहा.

एखादी लघवी राहिली तर काय बिघडते? 2 लिटर लघवीत दर 100 मिलीला 30 मिलिग्रॅम प्रथिने असतील, तर दिवसाचे 600 मिलिग्रॅम होतात. त्यातली 400 मिली संडासात गेली की आकडा 480 वर येतो. उलट पहिल्या सकाळची 400 मिली चुकून घातली, तर तो 720 च्या आसपास जातो. लॅब सोबत क्रिएटिनिनही मोजते; हा स्नायूंतून रोज साधारण सारखाच तयार होऊन लघवीत जाणारा टाकाऊ घटक. वजनाच्या मानाने ते फार कमी निघाले तर नमुना अपुरा असल्याची शंका येते. म्हणून विसरलात तर लपवू नका. लॅबला कळवा आणि नव्या कॅनने पुन्हा सुरू करा. अंदाजाने पाणी घालून भर करणे तर अजिबात नको.

थेट कॅनमध्ये लघवी करू नका. स्वच्छ, कोरड्या मगात धरून मग ओता. काही तपासण्यांच्या कॅनमध्ये तळाशी थोडे आम्ल असते. ते फेकायचे नाही, कॅन विसळायचाही नाही. ओतताना तोंड कॅनवर वाकवू नका, वाफ लागते. अंगावर उडालेच तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा.

शौचाला जायचे असेल तेव्हा आधी लघवी मगात धरा, मग बसा. शौचाचा अंश किंवा टिश्यू पेपर नमुन्यात नको. पाळी सुरू असेल तर तारीख पुढे ढकलता येईल का, ते विचारा. घराबाहेर जाणार असाल तर झाकणाची बाटली सोबत ठेवा. खरे तर दिवसभर घरी असाल असाच दिवस निवडावा. कॅन भरला तर दुसरा मागून घ्या आणि दोन्ही द्या.

लॅबने वेगळे सांगितले नसेल तर कॅन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या बादलीत ठेवा. उबेत जंतू वाढतात आणि काही घटक नासतात.

पाणी नेहमीइतकेच प्या. मुतखड्यासाठी तपासणी असेल तर हे विशेष पाळा, कारण एरवी लघवीत काय जाते तेच बघायचे असते. त्या एका दिवसापुरते शहाण्यासारखे वागून उपयोग नाही. पथ्य तपासणीनुसार बदलते. उदाहरणार्थ, 5-एचआयएए (सेरोटोनिन या संप्रेरकापासून बनून लघवीत येणारा घटक) या तपासणीआधी केळी, अननस, टोमॅटो आणि अक्रोड बंद ठेवायला सांगतात. चालू गोळ्यांची यादी द्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थांबवू नका.

शेवटची लघवी ओतली की कॅन त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर पोचवा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळते हे बघणारी तपासणी) करायचे असेल तर रक्तही द्यावे लागते. ते कधी द्यायचे, हे कॅन घेतानाच विचारून ठेवा.