फोटो काढायला शहराजवळचा निसर्ग शोधायचा असेल, तर आधी विचारा: इथे कुणाला बांधता का आलं नाही?

महानगराच्या आसपास जमीन मोकळी राहते ती कुणाच्या चांगुलपणामुळे, असं क्वचितच घडतं. तिथे पूर येतो, उतार अवघड असतो, खालून पाण्याची मोठी पाइपलाइन गेलेली असते, वरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात, नाहीतर जुनी दगडखाण पाण्यानं भरलेली असते. हे कारण सापडलं की जागा सापडलीच म्हणून समजा. ‘शहराजवळची सुंदर ठिकाणं’ असल्या याद्या मी वाचत नाही. तिथे सुट्टीच्या दिवशी ट्रायपॉडचे तीन पाय टेकवायचीही पंचाईत असते.

घरी बसून उपग्रह नकाशा उघडा आणि पाण्यापासून सुरुवात करा. नदी शहरात शिरण्याआधी कुठे वळते ते बघा. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचतो, गवत वाढतं. धरण किंवा तलाव असेल तर भिंतीकडे जाऊ नका. तिथे पाणी खोल असतं आणि बहुतेक वेळा रखवालदारही असतो. उलट्या टोकाला जा, जिथे ओढे तलावाला मिळतात. तिथलं पाणी उथळ, काठ चिखलाचा, लव्हाळ्यांचा. चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी तिथेच असतात, आणि पाण्याची पातळी उतरेल तसा त्यांचा काठही आत आत सरकतो.

पण नकाशावरचं चित्र जुनं असू शकतं. तळं दिसतंय तिथे आता भराव पडलेला असेल. म्हणून मी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं बघते. ती कोपर्निकस या युरोपीय भूनिरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्याच जागेचं नवं चित्र साधारण दर ५ दिवसांनी येतं. ढग असले तर अर्थात त्याचा उपयोग नाही. चित्राच्या एका ठिपक्यात १० मीटर लांब-रुंद जमीन मावते, त्यामुळे झाड ओळखू येणार नाही, पण पाणी आहे की आटलं, एवढं नक्की कळतं. तेवढंच हवं असतं.

मग जिवांच्या नोंदी. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदवलेल्या ठिकाणाचा आठवड्यावार तक्ता मिळतो. कोणता पक्षी कधी येतो ते त्यात दिसतं. कीटक, बेडूक, रानफुलं यांच्यासाठी आय-नॅचरलिस्ट हे संकेतस्थळ बघा; तिथे लोकांच्या नोंदी नकाशावर ठिपक्यांनी दिसतात. मात्र धोक्यातल्या प्रजातींचा ठिपका तिथे मुद्दाम कित्येक किलोमीटर इकडेतिकडे केलेला असतो, त्यामुळे त्या ठिपक्यामागे धावू नका. मला खरा रस नोंदी नसलेल्या जागांत असतो. प्रसिद्ध पाणवठ्यासारखाच काठ दोन वळणं पलीकडे आहे आणि तिथे एकही नोंद नाही? बहुधा तिथे पक्षी आहेत, फक्त वाहनतळ नाही.

माणसाच्या कामाच्या जागांना नाक मुरडू नका. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी इथल्या मैलापाण्याच्या तलावांवर पक्षी बघायला लोक रीतसर परवाना काढून जातात. लंडनचं वेटलँड सेंटर २००० साली उघडलं ते वापरातून गेलेल्या जुन्या जलाशयांच्या जागेवर. बर्लिनचं झ्यूडगेलेंडे उद्यान म्हणजे रेल्वेचं सोडून दिलेलं यार्ड. रुळांमधून बर्च उगवलेत आणि पाण्याची टाकी अजून उभी आहे. तुमच्या शहरातही अशी एखादी जागा असेल. परवानगी मागा, लेखी मागितली तर बरेचदा मिळते. वासाची सवय होते, कपड्यांना मात्र तो दिवसभर राहतो.

पहिली फेरी भर दुपारी, कॅमेरा न नेता. कॅमेरा हातात असला की मन समोरच्या पक्ष्यात अडकतं आणि जागा बघायची राहते. फाटक किती वाजता उघडतं, उजाडण्याआधी तिथे पोचायला काही वाहन मिळतं का, चिखल कुठे फसवा आहे, हे टिपून घ्या. भरती-ओहोटीचा काठ असेल तर त्या दिवसाचं वेळापत्रक खिशात हवंच. सूर्याची दिशा सन-कॅल्क या संकेतस्थळावर बघा. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो फक्त विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांच्या सुमारास. पक्ष्याच्या अंगावर सकाळचं ऊन हवं असेल तर पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. धुकं उजळलेलं हवं असेल तर समोरचा, म्हणजे पश्चिमेचा काठ, सूर्याकडे तोंड करून. पावसानंतर रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर सखल भागात धुकं धरण्याची शक्यता चांगली, आणि धुक्यात मागचे टॉवर आपोआप पुसले जातात.

एरवी ते टॉवर तुम्हालाच लपवावे लागतात, आणि माझ्या मते शहराजवळच्या फोटोग्राफीतलं निम्मं कौशल्य यातच आहे. फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्सला आडवं जेमतेम ५ अंशांचं दृश्य दिसतं. म्हणजे दोन पावलं बाजूला सरकलात की अख्खी इमारत एका झाडामागे जाते. लेन्स जमिनीलगत आणली तर पुढचं गवत क्षितिज झाकतं. हे जमत नसेल तर उलटं करा: बंधाऱ्यावर चढा, कॅमेरा खाली झुकवा, मागे नुसतं पाणी येऊ द्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी हीच युक्ती जास्त वापरते. आणि कधी टॉवर राहू द्या की. क्रेनच्या सळईवर बसलेला ससाणा जंगलातल्या ससाण्याइतकाच खरा आहे.

रुळांवर, तारांच्या खांबांवर आणि खाणीच्या कडेवर मात्र जाऊ नका, फोटो कितीही चांगला दिसत असला तरी. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या काळात तो पिल्लांना सोडून त्या आवाजामागे फिरत बसतो. फोटो टाकण्याआधी फाइलमधली जीपीएसची नोंद पुसा. घरट्याचा फोटो असेल तर ठिकाणाच्या रकान्यात फक्त जिल्ह्याचं नाव लिहा, आणि कुणी खासगीत विचारलं तरी तेवढंच सांगा.